टोपी डोक्यावर होती

उकडते आहे की नाही, हे ते स्वतःच्या अंगाला कधी विचारीत नसत. सोलापूरच्या चैत्रात सदरा पाठीला चिकटलेला असताना कोणी "काय मास्तर, लई उकडायलंय न्हवं?" असे म्हटले, तर ते "थांबा, बगतो" म्हणून भिंतीपाशी जात, चष्मा कपाळावर सारून यंत्रावरील दोन्ही नळ्या वाचत आणि परत येऊन गंभीरपणे सांगत, "व्हय. उकडायलंय." विचारणारा तोवर बहुधा निघून गेलेला असे. त्याचे त्यांना काही वाटत नसे. उत्तर कोणाला द्यायचे यापेक्षा ते बरोबर असणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते, असा माझा बराच काळ समज होता. पुढे तो मला सोडावा लागला. या माणसाबद्दलचा माझा एकही समज अखेरपर्यंत टिकला नाही.

सगळे त्यांना हवामास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. एका कापड गिरणीच्या विणकाम खात्यात हवेतील ओल मोजणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी जन्मभर केले. हवा कोरडी पडली की मागावरचा धागा तटातट तुटतो, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडून दमटपणा राखावा लागतो. पण तो फार वाढला तर कामगारांचा जीव घुसमटतो, म्हणून कायद्याने त्याला मर्यादा घातलेली असते. या दोहोंच्या मध्ये हवामास्तर उभे असत. त्यांच्या हातात एक लाकडी फळी आणि तिच्यावर बसवलेले दोन फॅरनहाइट तापमापक. एक कोरडा. दुसऱ्याच्या गोळ्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले. ओल्या चिंधीतले पाणी उडून जाते, तसा त्याचा पारा खाली राहतो. हवा जितकी कोरडी तितका दोन पाऱ्यांमधील फरक मोठा. हवा जितकी दमट तितके ते एकमेकांजवळ. हे मी विद्यार्थ्यांना शिकवताना फळ्यावर आकृती काढीत असे. हवामास्तरांना आकृती लागत नसे. "ह्यो थोरला, ह्यो धाकटा," ते आधी कोरड्याकडे, मग ओल्याकडे बोट दाखवून सांगत. "भाऊ-भाऊ लांब हायेत तवर घर बरं. अंगाला अंग घासाय लागलं की समजायचं, घरात माणसं लई झाली."

नोकरी संपली तेव्हा गिरणीने इतरांप्रमाणे त्यांनाही घड्याळ देऊ केले होते. त्यांनी घड्याळ नाकारून भंगारात काढलेले ते यंत्र मागून घेतले. वेळ काय, भोंगा सांगतोच, असे त्यांचे म्हणणे होते.

मी त्यांना पाहिले ते दुष्काळाच्या हिवाळ्यात. पावसाने पुन्हा पाठ फिरवली होती आणि मोहोळकडून, अक्कलकोटकडून, कुंभारीपलीकडच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे शहरात उतरत होती. ती स्टेशनासमोर, गिरण्यांच्या भिंतींलगत, बंद दुकानांच्या फळ्यांवर झोपत. बायका बसून झोपत. आडवे होणे त्यांना सुरक्षित वाटत नसे. मी तेव्हा एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रयोगनिर्देशक होते आणि पुण्याला संशोधनासाठी जाण्याची मला घाई होती. रोज सकाळी मी त्या रांगांच्या कडेने महाविद्यालयात जात असे. पाहत होते असे म्हणता येणार नाही.

हवामास्तर पाहत होते, म्हणजे मोजत होते. शहरातील व्यापाऱ्यांनी दुष्काळग्रस्तांसाठी एक मदत समिती काढली होती. तिचे अध्यक्ष सुताचे व्यापारी होते आणि त्यांची शेजारीशेजारी दोन गोदामे सूत नसल्यामुळे रिकामी पडली होती. हवामास्तर रोज दुकान उघडण्याच्या वेळी पेढीसमोर उभे राहत आणि मोठ्या आवाजात सांगत, "आज पहाटं रस्त्यावर थोरला छप्पन. गोदामं दोन, दोनी रिकामी." थंडी आणि गोदामे, एवढा हिशेब देऊन नमस्कार करीत आणि जात. विनंती नाही, अर्ज नाही, शिव्याशाप तर मुळीच नाहीत. आठ-पंधरा दिवसांत गिऱ्हाईकेच अध्यक्षांना विचारू लागली, की आज थोरला किती. मग अध्यक्षांनी एका गोदामाची किल्ली त्यांच्या हाती दिली आणि रस्त्यावरची माणसे रात्री तिथे झोपू लागली. दुसरे बंदच राहिले.

समितीला एक शास्त्रीय दाखला हवा होता. गर्दीतून साथ पसरली तर बोल आपल्यावर यायचा, ही भीती. त्यांनी महाविद्यालयाकडे माणूस मागितला आणि प्राचार्यांनी मला पाठवले; मी सर्वांत कनिष्ठ होते, आणि निवाऱ्यात बायका होत्या. मला हे काम दुय्यम वाटले असते. पण पहिल्याच संध्याकाळी गोदामाच्या भिंतीवर ते यंत्र आणि त्याखाली दोरीने बांधलेली वही मी पाहिली. बंद जागेत झोपलेल्या माणसांच्या श्वासाने हवा कशी बदलते, याची रोजची दोन निरीक्षणे त्या वहीत होती. यावर एक छोटा निबंध होऊ शकेल, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

गोदामात हवामास्तरांचे राज्य होते आणि ते विचित्र कायद्यांनी चाले. आत चहा करायचा नाही, कारण वाफ होते. आत कोणी रडू नये, असाही एक कायदा त्यांनी एकदा केला होता, पण बायका हसल्यामुळे तो मागे घ्यावा लागला. प्रत्येकाची जागा जमिनीवर खडूने आखलेली असे. माणसांना ते नावाने ओळखत नसत, खांबाने ओळखत: पहिल्या खांबाचे कुटुंब, पाचव्या खांबाचा लंगडा, दाराजवळच्या दोघी जावा. संध्याकाळी सगळे आत आले की ते कानडीत मोजत जात, "ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु." हवामास्तरांचे कुटुंब अक्कलकोटच्या बाजूचे, लिंगायत; घरात कानडी, बाहेर मराठी. गिरणीतला सगळा हिशेब मराठीत करणारा माणूस माणसे मात्र कानडीत का मोजतो, असे मी विचारले. ते म्हणाले, "मराठीत मोजलं की मदीच कुणीतर बोलतंय आन् आकडा चुकतोय. कानडीत मोजताना मी मोजत न्हाय, माझी आई मोजती."

तिसऱ्या खांबाला मोहोळपलीकडची एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिला खोकला होता आणि जीभ होती. हवामास्तर यंत्राकडे जाताना दिसले की ती पडल्यापडल्या विचारी, "मास्तर, आमची हवा पास झाली का नापास?" ते पारा वाचू लागत. मग ती शेजारणीला सांगे, "नापासच झाली असंल. गावात पाऊस नापास, हितं हवा नापास. पोरगा तर चौथीत झालाच हुता."

एकदा तिने धुतलेले लुगडे आत, खांबाला गुंडाळून वाळत घातले. हवामास्तर आले, यंत्र पाहिले, लुगडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "मावशी, ह्या लुगड्यानं दोन माणसांची जागा खाल्ली." ओल्या कापडातून उडणारी वाफ आणि दोन माणसांच्या श्वासातील वाफ यांची ही तुलना मी नंतर घरी पडताळून पाहिली, ती ढोबळ असली तरी अगदीच चूक नव्हती. मावशी म्हणाली, बाहेर घातले तर कोणीतरी नेईल, दुसरे लुगडे नाही. यावर हवामास्तरांनी लुगडे उचलले, रस्त्यावर गेले, एक टोक दिव्याच्या खांबाला बांधले, दुसरे दोन्ही हातांत धरले आणि ते वाळेपर्यंत तिथे उभे राहिले. काळा कोट, पांढरी टोपी, कपाळाला भस्म आणि हातात हिरवे लुगडे. जाणारे-येणारे थट्टा करीत. त्यांनी प्रत्येकाला सांगितले की अजून अर्धा तास लागेल.

मी नियम घालून दिला तो असा: पहाटे दोन पाऱ्यांमधील फरक चार अंशांहून कमी आला, तर त्या संध्याकाळी नवीन माणूस घ्यायचा नाही, आणि शेवटी आलेल्यांना दुसरीकडे पाठवायचे. हवामास्तरांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. लिहिता लिहिता एकदा थांबून विचारले, "दुसरीकडं म्हंजी कुटं, बाई?" ते समितीने ठरवावे, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि माझे वाक्य जसेच्या तसे उतरवले.

दोन महिन्यांत नियमाचा भंग एकदाही झाला नाही. माणसे वाढत होती, खडूच्या चौकटी अरुंद होत होत्या, आणि पहाटेचा फरक मात्र कधी साडेचार, कधी सव्वाचार, कधी बरोबर चार. मी आलेख काढला तेव्हा सुरुवातीला आनंद झाला आणि मग मी तो पुन्हा पाहिला. सगळे बिंदू मर्यादेच्या रेषेवर, तिला स्पर्श करून, चिमण्यांसारखे ओळीने बसले होते. खाली एकही नाही. निसर्ग माझ्या नियमाचा इतका आदर करील, हे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहिला भोंगा व्हायच्या आत मी न कळवता गोदामात गेले. दार उघडे होते. आत माणसे उठत होती, कोणी खोकत होते. हवामास्तर यंत्रासमोर पाठमोरे उभे होते. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती त्यांनी हातात घेतली होती आणि धाकट्याच्या गोळ्याला ते तिने सावकाश, एका लयीत, तान्ह्या मुलाला घालावा तसा वारा घालत होते.

याचा अर्थ मला लगेच कळला. ओल्या चिंधीला वारा लागला की पाणी अधिक वेगाने उडते, पारा आणखी उतरतो आणि हवा आहे त्याहून कोरडी दिसते. दोन महिन्यांची माझी निरीक्षणे निरुपयोगी झाली होती. मला राग आला तो या एकाच गोष्टीचा, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. आत किती माणसे कोणत्या हवेत झोपली, हा विचार माझ्या मनात त्यानंतर आला.

मी विचारले, हे कधीपासून चालू आहे. ते म्हणाले, "तीस वर्सं झाली की."

मग त्यांनी सांगितले. गिरणीत तपासणीला इन्स्पेक्टर यायचा असला की खात्याचा साहेब डोळ्याने खूण करी. खात्यात हवा इतकी दमट असे की कामगार मागाजवळ चक्कर येऊन पडत. पण धागा तुटत नसे, म्हणून फवारे चालूच. इन्स्पेक्टर दाराशी असताना हवामास्तर टोपी काढून धाकट्याला वारा घालीत. तो आत येऊन वाचे, समाधानाने सही करी. ही विद्या त्यांना त्यांच्या आधीच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. तिच्याबद्दल ते ना लाजेने बोलले ना फुशारकीने. "सुतासाठी लई वर्सं टोपी हालवली, बाई," ते म्हणाले. "आता माणसांसाठी हालवायलोय. टोपी तीच हाय."

मी त्यांना विज्ञानाचे महत्त्व सांगितले. ते मला अजून शब्दशः आठवते, म्हणून इथे लिहीत नाही. खरा आकडा समोर ठेवला तर समितीला दुसरे गोदाम उघडणे भाग पडेल, हा माझा युक्तिवाद होता, आणि कागदावर तो आजही निर्दोष आहे. हवामास्तरांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"एक डाव मिलमधी आमच्यातल्या एकानं खरा आकडा दिला हुता," ते म्हणाले. "साहेबानं फवारं कमी न्हाय केलं. ती पाळीच बंद केली. खरा आकडा दिला की दुसरं गोदाम उघडत न्हाईत, बाई. पयलं बंद करत्यात."

ही गिरणी नाही, मी म्हटले. ही धर्मादाय समिती आहे.

"व्हय," ते म्हणाले. "साहेब चांगला हाय."

त्या दिवसापासून मी आणखी एक नियम केला. प्रत्येक नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचे: टोपी डोक्यावर होती. रागाच्या भरात केलेला, अपमान करण्यासाठीच केलेला तो नियम होता. त्यांनी तो निमूटपणे पाळला. पुढचा आठवडाभर मीही पहाटे जाऊन उभी राहिले. फरक तीन आला, अडीच आला, एकदा दोनच्याही खाली गेला. प्रत्येक आकड्यासमोर त्यांच्या गोलसर अक्षरांत तेच वाक्य होते. मावशी गंमत पाहत होती. एकदा ती म्हणाली, "मास्तर, टोपीला आता शिवून टाका डोक्याला. बाईंचा जीव शांत हुईल."

माझा अहवाल चार मुद्द्यांचा होता. पहिला, सध्याच्या गर्दीत ही जागा आरोग्यास घातक आहे. दुसरा, माणशी किती जागा असावी. तिसरा, संसर्गाची शक्यता. त्याखाली खोकल्याच्या रुग्णांची नोंद होती आणि तिसऱ्या खांबाचा त्यात उल्लेख होता. चौथा, शेजारचे दुसरे गोदाम ताबडतोब उघडावे. मी तो दोनदा टंकलिखित करून घेतला, कारण पहिल्या प्रतीत एका आलेखाची रेघ पुसट आली होती.

अध्यक्षांनी तो माझ्यासमोर वाचला. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी माझे कौतुक केले; एवढे नेमके काम समितीसाठी आजवर कोणी केले नव्हते, असे म्हणाले, आणि माझ्या पुण्याच्या अर्जासाठी शिफारसपत्र देण्याचे आपण होऊन कबूल केले. मग त्यांनी पहिल्या मुद्द्याखाली सही केली. मी चौथ्याकडे लक्ष वेधले.

"चौथ्याला सर्वसाधारण सभा बोलवावी लागते," ते म्हणाले. "पहिल्याला माझी सही पुरते. आता शास्त्रानेच जागा घातक म्हटल्यावर मी ती एक दिवस तरी चालू कशी ठेवणार, तुम्हीच सांगा."

मी माझी प्रत पुन्हा चाळली. अहवालात एकही चूक नव्हती.

निवारा तिसऱ्या दिवशी रिकामा केला गेला. सभा पुढे भरली की नाही, हे मी कधी विचारले नाही. काही कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर गेली, काही परत स्टेशनासमोर, काहींचे काय झाले ते ठाऊक नाही. सगळे बाहेर पडल्यावर हवामास्तरांनी गोदाम झाडले, खडूच्या रेषा ओल्या फडक्याने पुसल्या, जमीन वाळू दिली आणि मग शेवटची नोंद केली. ती मी पाहिली आहे. फरक अकरा. हवा उत्तम. माणूस नाही. टोपी डोक्यावर होती.

त्यांच्या स्वतःच्या खोलीत तोवर तीन कुटुंबे झोपत होती. ते स्वतः बाहेर. माझ्या खोलीत एक खाट होती आणि घरमालकिणीचे नियम होते. एवढे कारण मी पुरेसे मानले. मावशी कुठे गेली नाही. गोदामाच्या भिंतीला बाहेरून टेकून, तिसऱ्या खांबाच्या बरोबर पलीकडे, तिने बोचके ठेवले. आपली जागा सोडून जाणार नाही, मधे फक्त भिंत आली आहे, असे ती म्हणे. तिच्या आजूबाजूला आणखी दहा-बारा जण झोपू लागले आणि हवामास्तरांनी त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला खडूने चौकटी आखल्या. एकदा जाताना मी त्या पाहिल्या. चांगल्या ऐसपैस होत्या. माझ्या अहवालातील दुसऱ्या मुद्द्याप्रमाणे माणशी जितकी जागा हवी, तितकी त्यांनी प्रत्येकाला दिली होती. "हितं टंचाई न्हाय," ते म्हणाले. यंत्र त्यांनी बंद दाराच्या कडीला अडकवले होते. वही तिथेच लोंबत होती.

मी थांबले नाही. मावशीने हाक मारून विचारले, "बाई, आता तर पास झालो न्हवं आमी?" मी हसून मान हलवली. तिला खोकला आला म्हणून पुढचे तिचे बोलणे मला ऐकू आले नाही, आणि ते ऐकण्यासाठी मी मागे वळले नाही.

यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, भर दुपारी, विद्यार्थी जेवायला गेलेले असताना हवामास्तर प्रयोगशाळेत आले. काखेत चादरीत गुंडाळलेले काहीतरी होते. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवून हळूच उलगडले. यंत्र होते, वही होती.

"ह्याला तपासा, बाई," ते म्हणाले. "खोटं बोलाय लागलंय."

मी विचारले, काय झाले. त्यांनी वही उघडून त्या पहाटेची नोंद दाखवली. थोरला चोपन्न. धाकटा पंचेचाळीस. फरक नऊ. हवा उत्तम. टोपी डोक्यावर होती.

"हवा उत्तम," ते पुन्हा म्हणाले. "आन् मावशी उठली न्हाय."

त्यांना कोण अभिप्रेत आहे, हे मला कळले होते, तरी मी कोणती मावशी असे विचारले. त्यांनी यंत्र माझ्याकडे सरकवले. मी यंत्र तपासायला घेतले, कारण ते मला येत होते. चिंधी सोडली, दोन्ही तापमापक पाण्याच्या पात्रात प्रयोगशाळेच्या प्रमाण तापमापकाशेजारी धरले, पाणी हळूहळू तापवत प्रत्येक पाच अंशांना नोंद घेतली. एवढ्या बारकाईची गरज नव्हती. अर्धा तास गेला. ते माझ्या शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा कानडीत पुटपुटत होते.

तिला आत झोपायला मिळाले असते तर ती वाचली असती, असे म्हणता येत नाही. गोदामातील हवा खरोखरच वाईट होती आणि तिचा खोकला जुना होता. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवीत असे. आज पुण्याच्या प्रयोगशाळेत, ज्या जागेसाठी ते शिफारसपत्र कामी आले त्या जागेवर बसून मी हे लिहीत आहे आणि आजही माझे मत तेच आहे. ते मत मला कशाचाही आधार देत नाही.

यंत्रात अर्ध्या अंशाचाही दोष निघाला नाही. मी तसे सांगितले.

"नीट बगितलाव न्हवं?"

हो, मी म्हटले.

"म्हंजी हवा खरंच चांगली हुती."

हा टोमणा असता तर मला बरे वाटले असते. पण ते विचारत होते. गिरणीत साहेबांना विचारीत असतील, तसे विचारत होते, आणि उत्तर लिहून घ्यायला पेन्सिल हातात धरून थांबले होते. हवा चांगली होती, मी म्हटले.

त्यांनी चिंधी पुन्हा धाकट्याला गुंडाळली, बाटलीत पाणी भरले, फळी खिडकीजवळ टेकवून ठेवली आणि पारा स्थिर होईपर्यंत पाहत राहिले. फरक सतरा आला. सोलापूरची हिवाळ्यातली दुपार, हवा कोरडी ठणठणीत. मग त्यांनी टोपी काढली. पिकलेले विरळ केस घामाने चिकटले होते. त्या पहाटे गोदामात पाहिली होती, त्याच लयीत त्यांनी धाकट्याला वारा घालायला सुरुवात केली. पारा उतरू लागला. अठरा झाले, एकोणीस झाले. हात थांबला नाही.

"बगा," ते म्हणाले. "अजून चांगली झाली."

मी त्यांना थांबवले नाही. हात दुखला तेव्हा तेच थांबले आणि वही माझ्यापुढे सरकवली; यंत्र तपासल्याची नोंद माझ्या हाताची हवी होती. मी आकडे लिहिले. फरक एकोणीस. हवा उत्तम. सही केली. शेऱ्याच्या रकान्याशी आले तेव्हा वरच्या सगळ्या ओळींत एकच वाक्य खाली खाली उतरत आलेले होते, आणि माझी लेखणी सवयीने तेच लिहायला टेकली.

त्यांनी पानावर बोट ठेवले.

"तसं नगा लिवू, बाई. टोपी हातात हुती. खरं ते लिवा."

मी लिहिले.